फूट पडली म्हणता, पण पत्रिका बघितली का?

आमच्या तालुक्याच्या साहित्य मंडळातल्या काही बायकांनी महिन्यातून एकदा वेगळं बसायचं ठरवलं आणि गावभर बोंब झाली. एका ज्येष्ठ कवींनी फोनवरच सुनावलं, "ताई, फूट पाडून राहिल्या तुमी. साहित्यात बाई-माणूस असं काई नसते, सगळे एकच."

दादा, मग मागच्या कार्यक्रमाची पत्रिका काढा. निमंत्रितांचं कविसंमेलन रात्री नऊला. 'महिला कविसंमेलन' दुपारी दोनला, पंगती चालू असताना. ऐकायला आमचीच लेकरं आणि खुर्च्या मोजणारा मंडपवाला. रात्री बायकांना बंदी नव्हती, मान्य. पण शेवटची एसटी साडेसहाला निघते. आमच्यातली एक दिवसभर कापूस वेचते आणि वही पिशवीत घेऊन येते. रात्री साडेअकराला तिला गावाला कोण सोडणार होतं? हे कोणी विचारलं नाही, तेव्हा एकी शाबूत होती म्हणे.

दुसरं उत्तर ठरलेलं: "२०१९ च्या यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात अध्यक्ष अरुणाताई ढेरे, उद्घाटक वैशालीताई येडे. आता अजून काय पायजे?" वैशालीताई, शेतकऱ्याची विधवा, आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांना त्या मंचावर पाहून मलाही भरून आलं होतं. पण त्यांना बोलावलं कधी, तर उद्घाटक म्हणून आधी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर. म्हणजे एका बाईला नको म्हटलं म्हणून दुसरीला जागा झाली. आणि अध्यक्षपदाचं म्हणाल तर पहिलं संमेलन १८७८ चं, पहिली महिला अध्यक्ष १९६१ ला, ग्वाल्हेरला. त्या कुसुमावती देशपांडे, आपल्या अमरावतीच्या. २०२५ च्या ९८ व्या संमेलनापर्यंत अशा सहाच जणी. २००१ च्या विजया राजाध्यक्षांनंतर थेट २०१९, तेही निवडणूक बंद करून सन्मानाने निवड सुरू झाली तेव्हा. मतपेट्या असत्या तर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा.

आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे? त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ सालचं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी पुढे पुस्तक असं विस्मरणात गेलं, की १९७५ ला संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत बहुतेकांना पत्ताच नव्हता. आज भाषणात सगळे त्यांचं नाव घेतात.

वेगळं बसायचं खरं कारण मात्र पत्रिकेपेक्षा साधं आहे. एका बाईने मंडळाच्या बैठकीत नवऱ्याच्या दारूवर कविता वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कविता पानठेल्यावर होती, दुपारी नवऱ्याच्या कानावर, आणि रात्री काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर तिने पाऊस, पाखरं आणि आई यांच्यावरच लिहिलं. त्यावर टाळ्या भरपूर मिळाल्या. कच्ची कविता वाचायला जागा लागते, जिथून ती बाहेर जात नाही. पुरुषांना अशी जागा पारावर, ठेल्यावर, कुठेही मिळते.

आमचं बसणं म्हणजे स्वर्ग आहे, असंही नाही. दुसऱ्याच वेळी दोन शिक्षिकांनी त्या कापूसवालीच्या वऱ्हाडीवर लाल पेन फिरवला, "बाई, शुद्ध लिहा." पुढच्या वेळी ती आली नाही. बायकांतही खुर्चीवर बसणाऱ्या आणि सतरंजीवर बसणाऱ्या आहेत. म्हणून कायमचं वेगळं महिला मंडळ काढायला माझा विरोध आहे आणि तो मी आमच्यातही बोलले. काहींनी त्यावर माझ्याशी अबोला धरलाय.

कच्चं वाचायला आम्ही वेगळ्या बसू. मंच एकच ठेवा. कविसंमेलन दुपारी तीनला सुरू करा, सगळ्यांची नावं सरमिसळ लावा, सूत्रसंचालन आळीपाळीने द्या. 'आता भगिनींसाठी दोन मिनिटं' हे वाक्य तर माइकवर नकोच.

येत्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक म्हणून मंडळातल्या एका दादांनी होकार दिलाय. नाव आत्ता सांगत नाही, नाहीतर आज रात्रीपासूनच त्यांना फोन सुरू होतील.