तारीख उलटल्यावर किती थांबायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि त्या रागाला कारण आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की बाळंतपणाची (४० आठवड्यांची) तारीख उलटून आठवडा झाला, म्हणजे ४१ आठवडे पूर्ण झाले, की औषधाने कळा आणण्याचा पर्याय बाईसमोर ठेवायला हवा. त्यावर तुमचं म्हणणं असं: डॉक्टर उगाच भीती घालतात, मूल यायचं तेव्हा येतं, आजीच्या काळात कुणी तारखा मोजत नव्हतं. तुमच्या भावजयीला तारखेच्याच दिवशी दाखल करून घेतलं, गर्भपिशवीचं तोंड मऊ करणारं जेल ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिझर झालं. इंग्लंडमधल्या मावसबहिणीला मात्र ४२ आठवड्यांपर्यंत थांबू दिलं. आता धाकट्या जावेचे दिवस भरत आलेत आणि तिला तुम्ही थांबायलाच सांगणार आहात.

भावजयीपासून सुरुवात करते. तिची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत निवाडा देणं बरोबर होणार नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं बीपी, साखर, बाळाची वाढ, पाणी सगळं व्यवस्थित असेल, तर केवळ तारीख आली म्हणून कळा आणायचं कारण नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात ४१ आठवड्यांच्या आधी कळा आणू नयेत. नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच असतात. तारीख म्हणजे बाळ येण्याच्या काळाचा साधारण मध्य. त्या दिवशी काही बिघडत नाही.

आता जेलबद्दल, कारण खरी गोम तिथे असते. आतून तपासताना बोटांना गर्भपिशवीचं तोंड लागतं. कधी ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक असतं, लांब आणि मागे वळलेलं. कधी ओठासारखं मऊ, पातळ आणि पुढे आलेलं. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की टणक, पुढे आहे की मागे आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय, या पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ साली मांडली. एकूण गुण १३. सहाच्या खाली असतील तर तोंड अजून तयार नाही असं समजायचं आणि आधी ते तयार करण्यासाठी जेल, गोळी किंवा फुग्याची नळी वापरायची. सलाईनमधून कळांचं औषध सुरू करायचं ते त्यानंतर. तोंड तयार नसताना घाईने कळांमागे लागलं की बाई दमते, घरचे घाबरतात आणि 'कळा येऊनही काही होत नाही' म्हणत सगळे सिझरवर येऊन थांबतात.

इथे वेळ लागतो, आणि हे पोटुशीला आणि तिच्या घरच्यांना कुणी आधी सांगत नाही. जेल सकाळी ठेवलं म्हणजे संध्याकाळी पेढे, अशी समजूत असते. आपल्याकडचंच उदाहरण देते. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत बीपी वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मिसोप्रोस्टॉलची गोळी गिळायला द्यायची की फुग्याची नळी बसवायची, याची ती तुलना होती. गोळी दिलेल्यांपैकी ५७ टक्के आणि नळीवाल्यांपैकी ४७ टक्के बायका २४ तासांत नॉर्मल बाळंत झाल्या. त्या आजारी होत्या, तुमची भावजय निरोगी होती, हा फरक लक्षात घेऊनही अर्थ उघड आहे. उत्तम देखरेखीतसुद्धा एका दिवसात सगळ्या मोकळ्या होत नाहीत. बाळाचे ठोके चांगले असतील आणि आई ठीक असेल, तर सुरुवातीचा टप्पा २४ तासांहून लांबला तरी चालतो. पाणमोट फोडून कळांचं औषध सुरू केल्यावरही निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय 'प्रयत्न फसला' म्हणू नये, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलंय. भावजयीला तेवढा वेळ मिळाला होता का, हा प्रश्न तुम्ही त्या डॉक्टरांना विचारायला हवा. उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

खासगी दवाखान्यांवरचा तुमचा संशयही मी झटकून टाकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, सरकारीत १४.३ टक्के. खासगीत गुंतागुंतीच्या केसेस थोड्या जास्त येतात असं धरलं तरी एवढी दरी त्याने भरून निघत नाही. याच धंद्यात बसून मी हे लिहितेय, कारण बाहेरच्यांपेक्षा आम्हीच ते आधी बोललं पाहिजे.

पण या सगळ्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढलाय, की कळा आणल्या म्हणजे सिझर ठरलेलं, तो मला मान्य नाही. वर्षानुवर्षं आम्ही डॉक्टरही तसंच समजत होतो. पण नीट तुलना केल्यावर चित्र वेगळं निघालं. नेदरलँड्समध्ये १,८०१ बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले: एका गटाला ४१ आठवड्यांना कळा आणल्या, दुसऱ्या गटात ४२ पर्यंत वाट पाहिली. सिझरचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, १०.८ टक्के. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, तिथेही सिझरमध्ये फरक नाही. अमेरिकेत तर ३९ आठवड्यांना कळा आणलेल्या पहिलटकरणींमध्ये सिझर १८.६ टक्के आणि वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के निघालं. या शेवटच्या अभ्यासाचा दाखला देऊन आपल्याकडे सगळ्यांना ३९ लाच दाखल करून घ्यावं, असं मी कधीही म्हणणार नाही. विचारलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी त्यात भाग घ्यायलाच नकार दिला होता, आणि तिथली देखरेख आपल्या तालुक्याच्या लेबर रूममध्ये नसते.

आता 'उगाच भीती' या शब्दांकडे येते. मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय.

स्वीडनमधला तो अभ्यास दहा हजार बायकांवर व्हायचा होता. २,७६० जणींनंतर तो मध्येच थांबवावा लागला. कारण ४२ पर्यंत वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं गेली, पाच पोटातच आणि एक जन्मल्यानंतर. ४१ ला कळा आणलेल्या गटात एकही नाही. सगळ्या निरोगी बायका, स्वीडनसारखा देश, हाकेच्या अंतरावर दवाखाने. पुढे २०२० मध्ये अशा ३४ अभ्यासांची आणि एकवीस हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा कळा आणलेल्यांत ४ बाळं दगावलेली आढळली आणि वाट पाहणाऱ्यांत २५.

हे आकडे मी घाबरवण्यासाठी देत नाही. त्यांची दुसरी बाजूही सांगते: एक बाळ वाचायला साधारण ५४४ बायकांना कळा आणाव्या लागतात. म्हणजे तुमच्या जावेने ४२ पर्यंत वाट पाहिली तर बहुतेक सगळं छानच होईल. 'बहुतेक' या शब्दात जी उरलेली आई आहे, तिला मी भेटलेय. चाळीस आठवडे सगळं सुरळीत, मग हालचाल थांबली, सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके नाहीत. आदल्या दिवशी काय केलं असतं तर, हा प्रश्न ती पुढच्या प्रत्येक तपासणीला विचारते. तिच्यासमोर 'मूल यायचं तेव्हा येतं' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

असं का होतं? शेवटच्या आठवड्यांत वारेची ताकद कमी होत जाते. सगळ्यांचीच एकाच वेगाने नाही, आणि कुणाची लवकर होईल हे आधी नेमकं ओळखता येत नाही. पाणी कमी होतं, बाळ पोटात शी करतं, कळांच्या ताणात त्याचे ठोके पडतात. सुमारे दीड कोटी गर्भारपणांची माहिती तपासून काढलेला अंदाज असा की ४० पासून ४१ पर्यंत थांबल्याने साधारण दीड हजारांमागे एक बाळ जास्तीचं पोटात दगावतं. हा धोका छोटा आहे, म्हणून ४० ला घाई नको. पुढे तो दर दिवशी वाढत जातो, म्हणून ४२ पर्यंत नुसतं बसणंही नको. ४१ ही रेघ या दोहोंच्या मधून आली आहे.

मात्र ही रेघ तारीख पक्की असेल तरच खरी, आणि इथे आपल्याकडे फार गोंधळ असतो. समजा पाळी १ जूनला आली. नऊ महिने सात दिवस मिळवले की ८ मार्च. ४१ आठवडे १५ मार्चला पूर्ण, ४२ आठवडे २२ ला. पण हा हिशोब २८ दिवसांच्या पाळीचा आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिची खरी तारीख १५ मार्च. तिला १५ मार्चला '४१ झाले' म्हणून दाखल केलं तर प्रत्यक्षात ती चाळिसावरच आहे. त्यात पाळीची तारीख अनेकींना सणावरून आठवते, 'गणपतीच्या आधी चार दिवस' अशी. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जिवापाड सांभाळून ठेवा. त्या वेळी बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर असते. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर तारीख पुढची मागची करणाऱ्यांचं ऐकू नका. त्या वेळचा अंदाज दोन-तीन आठवडे चुकू शकतो.

आजीच्या काळाबद्दल एवढंच म्हणते की तारखा मोजल्या नाहीत, तशी पोटात गेलेली बाळंही कुणी मोजली नाहीत. माझ्या आजीला किती झाली विचारलं तर ती जगलेल्यांचीच नावं सांगायची.

इंग्लंडचं म्हणाल, तर तिथलं मार्गदर्शन २०२१ मध्ये बदललं. आधी ४१ ते ४२ च्या दरम्यान कळा आणायची पद्धत होती, आता ४१ पूर्ण झाल्यापासूनच पर्याय देतात. त्या वर्षीच्या कच्च्या मसुद्यात तर आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना ३९ लाच कळा आणण्याचा विचार करावा असं म्हटलं होतं. वंशावरून सरसकट असा नियम करण्याला जोरदार विरोध झाला आणि अंतिम मार्गदर्शनातून ते वाक्य काढलं. तो विरोध मला योग्य वाटला. पण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता: ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दक्षिण आशियात जन्मलेल्या बायकांना आपोआप कळा तिथे जन्मलेल्या बायकांपेक्षा सुमारे आठवडाभर आधी आल्या. आपल्या बायकांना ४२ पर्यंत थांबवताना म्हणूनच मी जास्त सावध असते.

तुमची मावसबहीण थांबली ते तिच्या मर्जीने, आणि तो तिचा हक्क होता. तुमच्या जावेचाही आहे. ४१ ला 'नको, मी थांबते' म्हणणाऱ्या बाईवर चिडणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. सासू, नवरा आणि अमावास्या टाळायला सांगणारे गुरुजी यांनी मिळून तिचा निर्णय करून टाकणं तर मुळीच आवडत नाही. फक्त थांबायचं ते तपासत थांबायचं: आठवड्यातून दोनदा बाळाच्या ठोक्यांचा पट्टा, सोनोग्राफीत पाणी आणि रोज हालचालीवर लक्ष. हे सगळं करूनही प्रत्येक बाळ वाचेलच अशी खात्री देता येत नाही, हेही तिला सांगितलेलं असावं. घरी एरंडेल पाजू नका. जुलाब-उलट्यांनी बाई आधीच गळून जाते. आणि कुणी घरी येऊन कळांचं इंजेक्शन देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. ठोके पाहायची सोय नसताना दिलेल्या त्या इंजेक्शनने गर्भपिशवी फाटू शकते. जावेचं पहिलं बाळंतपण सिझरने झालं असेल तर तिचा विचार वेगळा करावा लागतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी तिला चालत नाही.

आता तिच्यासाठी. पहिल्या तिमाहीतला सोनोग्राफीचा कागद काढा आणि त्यावरची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तारखेशी ताडून पाहा. तारीख येईल त्या दिवशी काही करू नका, फक्त नेहमीची तपासणी. त्या तपासणीत डॉक्टरांना गर्भपिशवीचं तोंड किती तयार आहे ते विचारा, आणि आतून बोट फिरवून पाणमोटीचे पडदे सैल करता येतील का तेही. थोडं दुखतं, पण त्याने अनेकींना आपोआप कळा येतात आणि पुढचं औषध टळतं. ४१ पूर्ण व्हायच्या दोन दिवस आधी डॉक्टरांशी बसून बोला: कळा कशाने आणणार, रात्री कोण हजर असेल, किती तास वाट पाहणार. आणि यातल्या कुठल्याही दिवशी बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय असं तिला वाटलं, तर 'दिवस भरले की बाळ शांत होतं' असं तिला कुणी सांगू देऊ नका. बाळ शेवटपर्यंत हलतं. तिला त्याच तासाला दवाखान्यात घेऊन जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.