सरळ पात्र फक्त इंडियानात

'कांकाकी नदी सरळ आणि संथ, नवशिक्यांनी बेधडक कनू (वल्ह्याची अरुंद होडी) घालावी' हे या अमेरिकेतल्या नदीवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. ती सरळ आहे ती इंडियाना राज्यात, आणि तीही माणसाने केली म्हणून. तिथल्या साउथ बेंड शहराजवळून निघून सुमारे 250 मैल वळणं घेत जाणारी ही नदी शेतीसाठी दलदल आटवताना खोदून जेमतेम 90 मैलांचा कालवा करून टाकली. हद्द ओलांडून शेजारच्या इलिनॉय राज्यात शिरली की मोमेन्स गावापाशी जुनी वळणं, बेटं आणि पाण्यात आडवी पडलेली झाडं सुरू होतात. वरच्या सरळ पात्रातली वाळूही वाहत इथेच येऊन बसते. उन्हाळ्यात आम्ही जातो तेव्हा वल्हं खर्रकन तळाला घासतं, मग खाली उतरून घोटाभर पाण्यातून होडी ओढत न्यावी लागते.

आणि बंधाऱ्यांबद्दल एक अक्षर नाही! कांकाकी शहरात आणि पुढे विल्मिंग्टनला आडवे बंधारे आहेत. वरून येताना ते दिसतच नाहीत, फक्त पाण्याची एक गुळगुळीत रेघ दिसते. खालचा भोवरा मात्र लाइफ जॅकेट घातलेल्यालाही सोडत नाही. बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी काठाला लागा आणि होडी उचलून पलीकडे न्या, एवढं तरी लेखात कृपया घालाच.