चेंडू पायाशी नसतानाही पळणारा माणूस

आज सकाळी ऐरोलीच्या टर्फवर मुलाचा फुटबॉलचा सराव संपायची वाट बघत जाळीला टेकून उभी होते. शेजारी दोन पालक घणसोलीच्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीबद्दल बोलत होते. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "तिथे म्हणे जपानी कोच. आपल्याकडे माणसं नाहीत का? हे लोक पैशासाठी येतात आणि निघून जातात." दुसऱ्यांनी मान डोलावली. मी काहीच बोलले नाही. ते न बोलणे दिवसभर मनात सलत राहिले, म्हणून आता रात्री हे लिहायला बसले आहे.

ज्यांच्याविषयी ते बोलत होते ते अराता इझुमी जपानी नाहीत. २०१२पासून ते भारतीय नागरिक आहेत आणि कागदोपत्री त्यांचे नाव नीलकंठ खंभोलजा आहे. वडील भारतीय, आई जपानी, जन्म शिमोनोसेकीचा. २००६ साली ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून खेळायला आले, नंतर मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये गेले आणि २००९पासून पुणे एफसीत बरीच वर्षे खेळले.

पुण्यातल्या त्या वर्षांबद्दल मी ऐकीव सांगत नाही. आम्ही तेव्हा पुण्यात राहत होतो आणि बाबा मला हट्टाने बालेवाडीला सामन्यांना घेऊन जात. बाबा कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलेला माणूस, त्यामुळे फुटबॉल बघायला दुसऱ्या कुणाच्या परवानगीची त्यांना कधीच गरज वाटली नाही. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी असल्याने सगळे लांबूनच दिसायचे, आणि एवढ्या मोठ्या गॅलरीत आम्ही थोडीशीच माणसे उन्हाने तापलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र पसरून बसलेली असायचो. खेळाडूंच्या एकमेकांना मारलेल्या हाका स्पष्ट ऐकू यायच्या. एका सामन्यात मी चेंडूमागे डोळे फिरवत असताना बाबांनी माझ्या दंडाला धरून मला दुसरीकडे बघायला लावले. म्हणाले, "अगं, त्या जपान्याकडं बघ. चेंडू त्याच्याकडं न्हाई, तरी पळतोय."

होय, बाबाही त्यांना जपान्याच म्हणायचे. पण बाबा बघून म्हणायचे, आणि आजचे गृहस्थ न बघताच म्हणत होते, आणि मला चीड आली ती याचीच.

आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. २००८च्या अखेरीपासून तर भारतीय पासपोर्ट नसलेल्या खेळाडूला राष्ट्रीय संघाची दारेच बंद आहेत, मग त्याचे आईवडील कुठलेही असोत. म्हणजे इझुमींना भारताकडून खेळायचे तर जपानचा पासपोर्ट परत करावा लागणार होता. जगात बहुतेक ठिकाणी विनासायास नेणारा तो पासपोर्ट सोडून त्यांनी आपला घेतला, ज्यावर आपण साध्या सहलीसाठी व्हिसाच्या रांगेत उभे राहतो. फेब्रुवारी २०१३मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध ते भारताच्या जर्सीत पहिल्यांदा उतरले. आपण तो सामना २-४ असा हरलो. केवळ पैशासाठी आलेला माणूस असे करतो का? आपल्या ओळखीतल्या किती जणांनी उलटा प्रवास केला आहे, बाहेर गेल्यावर किती आनंदाने इथला पासपोर्ट सोडला आहे, आणि तेव्हा आपण त्यांच्या घरी पेढे खायला गेलो आहोत! मग जो उलट दिशेने आला त्यालाच "कधी जाणार?" हा प्रश्न का?

मान्य आहे, क्लबांनी त्यांना पगार दिला. भारताकडून ते मोजकेच सामने खेळले, हेही खरे. घणसोलीची अकादमी निवासी आहे, तिच्यात शिष्यवृत्तीवर निवडक मुले घेतात, म्हणून माझ्या किंवा त्या गृहस्थांच्या मुलाला तिथे जागा मिळण्याची शक्यता कमीच, आणि त्याचे वाईट वाटणे मी समजू शकते. पण ते दुःख प्रशिक्षकाच्या जन्मगावावर काढू नये.

महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पुणे एफसीही आता नाही. महाराष्ट्रात ज्या क्लबांसाठी हा माणूस उन्हातान्हात पळाला ते क्लब आपल्याला टिकवता आले नाहीत, आणि तरीही खेळणे थांबल्यावर तो नवी मुंबईत पोरांना शिकवायला इथेच उभा राहिला. प्रशिक्षकाच्या पायाशी तर चेंडू कधीच नसतो. रेषेबाहेर उभे राहून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मोठ्या क्लबांच्या राखीव संघांसमोर उतरवायचे आणि ती हरली तर त्यांच्याशी काय बोलायचे ते ठरवायचे, हे काम गॅलरीतून दिसत नाही. बालेवाडीतही फार कुणाला दिसत नव्हते. बाबांना दिसले, कारण ते चेंडू सोडून माणसाकडे बघत होते.

लिहितालिहिता राग बराच उतरला आहे. ते गृहस्थ वाईट नाहीत. पाऊस आला की आपल्या छत्रीखाली माझ्या मुलाची बॅगही घेतात. त्यांना ठाऊक नसेल, एवढेच.

मघाशी बाबांना कोल्हापूरला फोन करून हे सगळे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मग तू त्याला सांगितलंस काय?" मी नाही म्हणाले. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "रविवारी सांग."

रविवारी सात वाजता पुन्हा सराव आहे. मी त्याच जाळीपाशी उभी असेन.