चैन म्हणे!

‘लोकसंख्या एवढी असताना टेस्ट ट्यूब बेबीवर सरकारी पैसा कशाला, ही तर चैन’ हे लेखातलं वाक्य खटकलं. चैन? कळव्याहून सकाळच्या खच्चून भरलेल्या लोकलने क्लिनिक, एक दिवसाआड सोनोग्राफी, अकरा दिवस पोटात इंजेक्शनं आणि तिथूनच पुढे ऑफिस. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी औषधाचा डबा. कुणी विचारलंच तर सासूबाई सांगायच्या, ‘माझं इन्सुलिन आहे.’ पहिल्या वेळी माझ्या पाटल्या गेल्या, दुसऱ्या वेळी ह्यांचा पीएफ. तिसरी परवडलीच नाही, विषय संपला. आणि हो, शुक्राणू ह्यांचे कमी होते, सुया मात्र मला!

जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्वाला आजारच म्हणते. गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून हे उपचार मोफत सुरू झाले, २०२४ मध्ये मुंबईत कामा रुग्णालयात केंद्र निघालं. मग ठाणेकरांनी काय घोडं मारलंय? हवी तर वयाची, उत्पन्नाची अट घाला, दोनच वेळा खर्च द्या. पण सिव्हिलमध्ये निदान तपासण्या आणि इंजेक्शनं तरी मिळू द्या. अर्धा पैसा तिथेच जातो, आमचा तरी गेला.