टॉर्नेडो आला तर खिडक्या उघडू नका, तो फॉरवर्ड साफ चुकीचा आहे

"अमेरिकेतल्या आपल्या मुलांना जरूर पाठवा" म्हणून टॉर्नेडोवरचा एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. आमच्या काकूने तो पुण्याहून तिच्या सुनेला पाठवला, जी तान्ह्या बाळाला घेऊन नुकतीच शिकागोजवळ वुडरिजला राहायला आलीये. आणि तिने मला फोन करून विचारलं, "भाऊजी, रात्री अलर्ट आला तर आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या ना?" डोकंच फिरलं माझं, म्हणून हे लिहितोय.

मेसेजमध्ये काय आहे, तर टॉर्नेडो मोकळ्या शेतात येतो, वस्तीत नाही. सूर्य मावळला की त्याचा जोर संपतो. आलाच तर खिडक्या उघडा म्हणजे दाब सारखा होऊन घर फुटत नाही. बेसमेंटच्या नैऋत्य कोपऱ्यात बसा. आणि सायरन वाजला की जाग येतेच.

वस्तीत येत नाही? अहो, वुडरिजमधूनच गेलाय तो! 20 जून 2021, फादर्स डेचा रविवार, रात्री 11 वाजून गेल्यावर नेपरव्हिलमध्ये जमिनीला टेकला आणि वुडरिज, डॅरियन, बर रिज असा घरांच्या रांगांमधून पूर्वेला विलो स्प्रिंग्जपर्यंत गेला. ईएफ-3 होता (टॉर्नेडोची ताकद ईएफ-0 ते ईएफ-5 अशी मोजतात), वारा ताशी 140 मैल म्हणजे 225 किलोमीटर. छपरं उडाली, जुनी मोठी झाडं गाड्यांवर आणि घरांवर पडली, नेपरव्हिलमध्ये तर एक घर पार भुईसपाट झालं. हे काही पहिल्यांदा नाही, ह्याच भागात 1967 ला ओक लॉनला 33 माणसं गेली, 1990 ला प्लेनफिल्डला 29. एखाद्या ठरावीक घरावरच येण्याची शक्यता फार कमी असते, हे खरंय, पण म्हणून वस्तीत येतच नाही?

सूर्याचं म्हणाल तर त्या दिवशी तो साडेआठलाच मावळला होता, म्हणजे अंधार पडून अडीच तास झाले होते. दुपारी-संध्याकाळी टॉर्नेडो जास्त होतात हे मान्य, पण जमिनीपासून काहीशे मीटरवरचा दक्षिणेकडचा वारा रात्री उलट जोर धरतो, वादळाला ओल आणि पीळ दोन्ही पुरवतो. इलिनॉयमधल्याच नॉर्दर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या वॉकर ॲशली आणि सहकाऱ्यांनी 1950 ते 2005 चे आकडे काढलेत: रात्रीचे टॉर्नेडो साधारण 27 टक्के, पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा 39 टक्के. लोक झोपलेले असतात, काही दिसत नाही. 3 मार्च 2020 ला मध्यरात्रीनंतर टेनेसीत तेच झालं, नॅशव्हिल आणि उपनगरांतून एक गेला आणि थोड्या वेळाने कुकव्हिलजवळ दुसरा, त्या दुसऱ्यात एकट्या पटनम काउंटीत 19 जण गेले.

आता खिडक्या, कारण ह्याच मुद्द्याने खरंच कुणाचा जीव जाईल. टॉर्नेडोच्या आत दाब कमी असतो, एवढं बरोबर. पण घर म्हणजे झाकण घट्ट लावलेला कुकर नव्हे, फटी, व्हेंट, चिमणी ह्यांतून हवा जातच असते. घर दाबाने फुटत नाही, वाऱ्याने मोडतं. खिडकी किंवा गॅरेजचं दार गेलं की वारा आत घुसतो आणि छप्पर खालून ढकलतो, वरून जाणारा वारा तेच छप्पर ओढत असतो, छप्पर गेलं की भिंतींना आधार राहत नाही आणि त्या पडतात. म्हणजे वाऱ्याला आत यायला जी वाट हवी असते ती तुम्ही स्वतःच्या हाताने करून देताय! आणि वेळ कुठला? वॉर्निंगनंतर हातात मोजकी मिनिटं असतात, कधी तेवढीही नाहीत, त्यात झोपेतून उठून बाळाला उचलायचं सोडून ती बाई काचेसमोर उभी राहून खोल्याखोल्यांतल्या खिडक्या सरकवत बसणार? कुणी लिहिलं हे?

नैऋत्य कोपरा हा सल्ला 1887 सालचा, टॉर्नेडोचा अभ्यास करणाऱ्या जॉन फिनलीचा. 1966 मध्ये कॅन्ससमधल्या टोपिका शहरात टॉर्नेडो आला, त्यानंतर ईगलमन नावाच्या हवामान संशोधकाने घरं तपासली तेव्हा तोच भाग सगळ्यात धोक्याचा निघाला. कोपरे विसरा, खिडक्यांपासून लांब, जिन्याखाली किंवा जड टेबलाखाली बसा. वरच्या मजल्यावर किंवा अपार्टमेंटमध्ये असाल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, मधल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये किंवा क्लोजेटमध्ये.

आणि सायरन. इलिनॉयमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी 10 ला टेस्ट होते तो ऐकून लोकांना वाटतं रात्रीही ऐकू येईल. ते सायरन घराबाहेर असलेल्या माणसांसाठी असतात, बंद घरात एसी चालू असताना झोपलेल्याला उठवायला नाहीत. जाग आणायचं काम फोनवरच्या इमर्जन्सी अलर्टचं, जो बऱ्याच जणांनी आवाजाला वैतागून बंद केलेला असतो. आयफोनवर सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, एकदम तळाला जा आणि चालू करा, आत्ताच. शिवाय बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ, म्हणजे हवामानाचे इशारे देणारा रेडिओ, आणून बेडरूममध्ये ठेवा, मोबाइलचा टॉवर पडला तरी तो वाजतो.