बीपीए फ्री डब्यांबद्दलची माझी पोस्ट थांबवा प्लीज

रामबागेतल्या ग्रुपवर मीच टाकलं होतं की प्लास्टिकच्या डब्यावर बीपीए फ्री (म्हणजे बिस्फेनॉल ए हे प्लास्टिकमधलं रसायन नाही) असं लिहिलंय ना, मग गरम वरण भरा बिनधास्त. ते चुकीचं होतं, माफ करा. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या मावसबहिणीने टोकलं, मग नीट वाचलं. बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हार्मोनसारखं वागतं म्हणून आपल्याकडे २०१५ पासून बाळाच्या दुधाच्या बाटलीत चालत नाही, पण त्याच्या जागी काही वेळा बीपीएस हे त्याच्याच जातीचं रसायन येतं आणि पेशींवरच्या प्रयोगांत तेही तसंच वागलंय. उष्णतेने ही रसायनं प्लास्टिकमधून अन्नात जास्त उतरतात. घाबरू नका, कोरडे पोहे न्या खुशाल, पण गरम गरम स्टीलमध्येच भरा. जुना मेसेज डिलीट करा, पुढे पाठवू नका आणि ज्यांना पाठवला त्यांना हा पाठवा.