टीडीएस ५० आहे म्हणून पाळणाघरातलं पाणी सेफ? नाही हो, प्लीज हे फॉरवर्ड करू नका

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, सारांश असा की पाळणाघरात आरओ असेल आणि मीटरवर टीडीएस ५० च्या खाली दिसत असेल तर पाणी शंभर टक्के शुद्ध, टेस्ट वगैरे करायची गरज नाही, कॉर्पोरेशन पाणी तपासूनच सोडतं, बोअरचं असेल तर उकळून घेतलं की झालं, आणि छोट्या पाळणाघराला तसेही काही नियम नसतात. अगदी काळजीने पाठवतात लोक हा मेसेज, म्हणून तर एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"टीडीएस ५० च्या खाली म्हणजे शुद्ध." हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे. तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेले क्षार किती असतील याचा अंदाज देतो, बस. जंतू त्याला दिसतच नाहीत. विष्ठेतून येणाऱ्या ई-कोलाय जंतूंनी भरलेल्या ग्लासात बुडवा नाहीतर स्वच्छ पाण्यात, आकडा तोच येईल. टीडीएस मीटरने जंतू शोधणं म्हणजे वजनकाट्यावर ताप मोजण्यासारखं आहे. बरं शिसं तरी कळेल का, तर तेही नाही, कारण आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि मीटर पूर्ण आकड्यात वाचतो, म्हणजे मर्यादेच्या दहापट शिसं असलं तरी काटा हलणार नाही. आणि त्याच मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतो असं स्पष्ट आहे, ५० चा हट्ट कुठून आला कोण जाणे. उलट ज्या अटीत अजिबात सूट नाही ती वेगळीच आहे, १०० मिलि पाण्यात ई-कोलाय सापडताच कामा नये. पाळणाघरातल्या ताईंना आकडा विचारायचाच असेल तर हा विचारा.

"आरओ आहे मग टेस्ट कशाला?" आरओची जाळी धड असेल तर ती जंतू अडवते, हे खरंच आहे. पण पाणी जाळीपर्यंत जाण्याआधी कार्बन फिल्टर त्यातलं क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीनने जाळी खराब होते. म्हणजे नळाच्या पाण्यात संरक्षण म्हणून जे थोडंसं क्लोरीन शिल्लक असतं तेच जातं, आणि मग ते पाणी मशीनच्या टाकीत, तिथून स्टीलच्या पिंपात, पिंपातून वीस जणांच्या बाटल्यांत असं दिवसभर फिरतं. वाटेत कुठेही घाण हात लागला, ग्लास आत बुडला, टाकी महिनोन्महिने धुतली नसली तर त्या पाण्याला वाचवायला आत काहीच उरलेलं नसतं. दोन-तीन वर्षांची मुलं आहेत हो ती, डायपर बदलणारी मावशी आणि पाणी भरणारी मावशी बऱ्याच ठिकाणी एकच असते, यात तिचा दोष नाही पण मधे साबणाने हात धुतले जातायत का हे बघायला नको का? मशीनच्या सर्व्हिसिंगची तारीख, टाकी कधी धुतली, पिंपाला तोटी आहे की ओगराळं की नुसताच ग्लास, ह्या तीन गोष्टी मला टीडीएसपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या वाटतात.

"कॉर्पोरेशनचं पाणी तपासलेलंच असतं." तपासलेलं असतं, मान्य. पण प्लांटवर आणि ठरावीक ठिकाणी, तुमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत नाही. आपल्याकडे पाणी दिवसातून काही तासच येतं, बाकी वेळ पाइपात दाब नसतो आणि कुठे फट असली तर बाहेरचं ड्रेनेजचं पाणी आत ओढलं जातं. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) पेशंट वाढले तेव्हा काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, हा जंतू दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या चिकनमधून येतो, आणि त्याच काळात पाणी पिण्यायोग्य नाही असं निघाल्यावर महापालिकेने तिथले काही खासगी आरओ प्लांटसुद्धा सील केले. आरओ प्लांट! तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवं, गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरीन बघायला ओटी टेस्ट करतो ना तीच टेस्ट सोसायटीतही करता येते, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही तर क्लोरीन नाही असं समजायचं.

"बोअरचं पाणी उकळलं की झालं." जंतूंसाठी हो, खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. नायट्रेट, फ्लोराइड मात्र उकळून जात नाहीत, पाणी आटतं तसं प्रमाण उलट वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि पावडरच्या दुधावरच्या लहान बाळांना जास्त नायट्रेटने खरा धोका असतो, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते.

"छोट्यांना नियम नाहीत." हे अर्धं खरं आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला बदल झाला, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं असं आलं, आणि २०१८ ला केंद्राने त्यासाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सुरक्षित पिण्याचं पाणी आहे. फ्लॅटमध्ये चालणारं घरगुती पाळणाघर यात थेट बसत नाही. पण पैसे घेऊन मुलांना जेवण शिजवून देत असाल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ येतो, एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि स्वयंपाकाचं पाणी पिण्यायोग्यच असावं लागतं. बाकी ठिकाणी कोणी इन्स्पेक्टर येणार नाहीये, म्हणून तर पालकांनीच विचारायचं.

टेस्ट अवघड नाही. पाण्यात जंतू असण्याची शंका घरीच तपासायला एच टू एसची बाटली मिळते, खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची, काळी झाली तर ते पाणी मुलांना देणं त्याच क्षणी थांबवा. काळी नाही झाली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, पक्का रिपोर्ट लॅबचाच, जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅब आहेत. बाटली लॅबकडूनच मागून घ्या, घरची धुतलेली नको, लॅबची बाटली निर्जंतुक असते आणि आत क्लोरीन मारणारं औषध असतं. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि सॅम्पल गच्चीवरच्या टाकीचं किंवा मशीनच्या नळाचं नका घेऊ, मुलं ज्या पिंपातून पितात त्यातलंच घ्या, तेही दुपारी, पिंप सकाळपासून वापरून झाल्यावर.